सैनिकाच्या नावाची कंत्राटे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याकडून छोट्या उद्योजकांसाठी जी माहितीपत्रके निघतात, त्यांत एक शब्द पुन्हापुन्हा भेटतो. तो शब्द म्हणजे 'संधी'. खात्याला औषधे हवी आहेत, कृत्रिम हातपाय हवे आहेत, चष्मे हवे आहेत, रुग्णालयाचे मजले पुसणारी माणसे हवी आहेत, संगणकाचे कार्यक्रम हवे आहेत. यांतील प्रत्येक गोष्ट ही कोणासाठी तरी संधी आहे. शब्द मोठा गोंडस आहे. वस्तुतः शासनाला जे लागते त्याला 'गरज' म्हणावयाचे असते. तीच गरज विकणाऱ्याच्या बाजूने पाहिली की तिची संधी होते. युद्धात पाय गमावलेला जवान आणि त्या पायाच्या जागी बसवावयाचा लाकडी वा धातूचा पाय विकणारा व्यापारी हे दोघे ज्या कागदावर एकत्र येतात, त्या कागदाचे नाव कंत्राट. या कागदात कोणाचे किती भले होते, हा प्रश्न अमेरिकेत शंभर वर्षे विचारला जात आहे.

विषय दूरदेशीचा वाटेल. परंतु भांडवलशाहीचा बालेकिल्ला म्हणून ज्या देशाकडे बोट दाखविले जाते, त्या देशात सरकारी मालकीची, सरकारी पगारावरील डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी चालविलेली एक देशव्यापी आरोग्यसेवा आहे, ही गोष्टच मुळी आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. माजी सैनिक खात्याची सुमारे १७० रुग्णालये आणि हजाराहून अधिक दवाखाने आहेत. नव्वद लाखांहून अधिक माजी सैनिकांची नावे या सेवेत नोंदलेली आहेत आणि खात्याचे नोकर चार लाखांच्या वर आहेत. इमारत सरकारची, यंत्र सरकारचे, डॉक्टर पगारी. खाजगी विमा कंपन्यांच्या देशात असे एक बेट उभे आहे, आणि त्या बेटावर खाजगी भांडवलाला उतरावयाचे असेल तर त्याला एकच धक्का आहे: कंत्राट.

या धक्क्याचा इतिहास चोरीपासून सुरू होतो. पहिल्या महायुद्धानंतर लाखो जवान घरी परतले, त्यांत विषारी वायूने फुप्फुसे गेलेले होते, क्षयी होते, मनाने खचलेले होते. त्यांच्यासाठी १९२१ साली 'व्हेटरन्स ब्यूरो' स्थापन झाला आणि अध्यक्ष हार्डिंग यांनी आपले स्नेही चार्ल्स फोर्ब्स यांस त्याचे प्रमुख नेमले. फोर्ब्स स्वतः युद्धातून पदक घेऊन आलेले कर्नल होते. रुग्णालये बांधण्याचा मोठा निधी त्यांच्या हाती आला. बांधकामाच्या कंत्राटांत कंत्राटदारांशी संगनमत झाले. मेरिलँडमधील पेरीव्हिल येथील कोठारांत साठविलेल्या चादरी, टॉवेल, मलमपट्टीचे कापड असा माल 'जादा' ठरवून बॉस्टनच्या एका कंपनीला कवडीमोलाने विकला गेला. रुग्णालयांत मालाची टंचाई आणि कोठारातून मालगाड्या भरून बाहेर, असा हा कारभार. १९२३ साली फोर्ब्सना राजीनामा द्यावा लागला, सिनेटची चौकशी बसली, आणि १९२५ साली एका कंत्राटदारासह त्यांना सरकारची फसवणूक करण्याच्या कटाबद्दल शिक्षा झाली. दोन वर्षांचा तुरुंगवास आणि दहा हजार डॉलर दंड. आजच्या चर्चेच्या दृष्टीने या प्रकरणातील ध्यानात ठेवण्याजोगा तपशील असा की, लुटणारा सैनिकच होता. सैनिकाचा गणवेश हा प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे, हे या खात्याला जन्मापासूनच कळून चुकले होते.

पुढे १९३० मध्ये 'व्हेटरन्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' आले आणि १९८९ पासून त्याला मंत्रिमंडळातील पूर्ण खात्याचा दर्जा मिळाला. मधल्या काळात, १९३२ च्या जुलैत, कबूल केलेल्या भत्त्यासाठी राजधानीत तळ ठोकून बसलेल्या माजी सैनिकांवर लष्कर घालून त्यांच्या झोपड्या जाळण्यात आल्या, तोही इतिहास आहे. सैनिकाचा गौरव करणे सरकारांना नेहमीच आवडते. त्याने हक्क मागितला की मात्र त्यांची तऱ्हा पालटते.

अशा पार्श्वभूमीवर १९९९ साली अमेरिकी संसदेने एक नवा विचार कायद्यात आणला. सरकारच्या एकूण कंत्राटांपैकी निदान तीन टक्के रकमेची कंत्राटे, लष्करी सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या छोट्या उद्योगांना मिळावीत, असे उद्दिष्ट ठरले. (हे प्रमाण अलीकडे पाच टक्क्यांवर नेण्यात आले आहे.) उद्दिष्ट म्हणजे हक्क नव्हे, पूर्ण झाले तर ठीक, न झाले तर पुढल्या वर्षी. म्हणून २००६ च्या कायद्याने केवळ माजी सैनिक खात्यापुरता अधिक कडक नियम केला. त्याला तिकडे 'दोघांचा नियम' म्हणतात. रास्त किमतीत काम करू शकतील असे माजी सैनिकांचे निदान दोन छोटे उद्योग निविदा भरतील अशी वाजवी अपेक्षा असेल, तर ते कंत्राट त्यांच्यातच राखून ठेवावे; बाहेरच्यांना त्यात येऊ देऊ नये. पन्नास लाख डॉलरपर्यंतची काही कंत्राटे तर स्पर्धेवाचूनही देता येतात. उद्योगाची निदान ५१ टक्के मालकी आणि प्रत्यक्ष कारभार सैनिकाच्या हाती असला पाहिजे. २०२३ पासून याची तपासणी छोट्या उद्योगांसाठी असलेल्या स्वतंत्र सरकारी कचेरीकडे सोपविण्यात आली.

कायदा झाला, नोकरशाहीने तो कसा वाचला? खात्याने असा अर्थ लावला की, हा नियम वार्षिक उद्दिष्ट गाठण्यापुरता आहे. उद्दिष्ट गाठले की बंधन संपले. शिवाय आधीच ठरलेल्या दरपत्रकावरून मागणी नोंदविली तर ते 'कंत्राट' होतच नाही. २०१२ साली आणीबाणीच्या सूचना देण्याच्या एका सेवेसाठी खात्याने दरपत्रकावरून बिगर-सैनिक कंपनी निवडली, तेव्हा मेरिलँडमधील 'किंगडमवेअर' या अपंग माजी सैनिकाच्या छोट्या कंपनीने तक्रार केली. संसदेची हिशेब तपासणारी यंत्रणा, म्हणजे आपल्याकडील महालेखापरीक्षकांसारखी कचेरी, कंपनीच्या बाजूने होती. खात्याने तिचा सल्ला मानला नाही. खालच्या दोन्ही न्यायालयांनी खात्याची बाजू उचलून धरली. अखेर १६ जून २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य अशा एकमताने निकाल दिला: कायद्यात 'द्यावे' असे म्हटले आहे, 'देता येईल' असे म्हटलेले नाही; उद्दिष्ट गाठले असो वा नसो, दरपत्रक असो वा निविदा असो, नियम प्रत्येक वेळी लागू आहे.

हा निकाल योग्य होता, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. संसदेने दिलेला हक्क कचेरीने परिपत्रकाच्या चाळणीतून गाळून काढावयाचा, हा प्रकार कोणत्याही देशात निषेधार्हच. आपल्याकडील राखीव जागांच्या बाबतीत 'लायक उमेदवार मिळाला नाही' या शेऱ्याने काय काय घडले हे जाणणाऱ्यांना किंगडमवेअरची लढाई परकी वाटण्याचे कारण नाही.

परंतु निकालाचे स्वागत केल्यावर हिशेब मांडावाच लागतो. अमेरिकेत माजी सैनिक सुमारे पावणेदोन कोटी. त्यांतील बहुतेक मजुरी करणारे, पगारी नोकर, निवृत्त, आजारी. काही रस्त्यावर झोपणारे. सरकारच्या पोर्टलवर नोंदणी करून, निविदेच्या शेकडो पानांचा कागद वाचून, अनामत भरून, बिल निघेपर्यंत कामगारांचे पगार पदरचे देऊ शकणारे त्यांत किती? राखीव कंत्राटाचा लाभ पोहोचतो तो सैनिकांमधील मालकवर्गाला. तो लाभ अन्याय्य नाही, पण त्याला 'सैनिकांचे कल्याण' हे नाव देताना तोंड जरा आवरते घ्यावयास हवे. मालक सैनिक असेल तर त्याने सैनिकच कामाला ठेवले पाहिजेत, असे काही या कायद्यात नाही. त्याच्या हाताखाली मजले पुसणाऱ्या स्त्रीची मजुरी, तिचा नवरा कधीकाळी सैन्यात होता वा नव्हता, मालक पाहून ठरत नाही.

आणि जेथे राखीव कंत्राट आले तेथे मुखवटा आलाच. महालेखापरीक्षकांसारख्या त्याच कचेरीने २००९ साली दहा कंपन्यांचे नमुने तपासले. फसवणुकीने वा नियमांचा गैरवापर करून त्यांनी अपंग माजी सैनिकांसाठी राखलेली सुमारे दहा कोटी डॉलरची कंत्राटे मिळविली होती. एका प्रकरणात लष्करी तळावर पूर्णवेळ काम करणाऱ्या एका माणसाने कंपनी काढली, फर्निचरचे सुमारे नऊ लाख डॉलरचे कंत्राट घेतले, ते पत्नी जेथे नोकरीला होती त्या कंपनीकडे वळविले, तिने ते कारखानदाराकडे. टेबले आणि खुर्च्या अखेर कारखानदारानेच आणून ठेवल्या. मधल्या दोघांनी काय केले, याचे उत्तर चलनाच्या रकमेतच शोधावयाचे. अशा सैनिकाला तिकडे 'भाड्याचा सैनिक' अशा अर्थाचा शब्द रूढ झाला आहे. महाराष्ट्रात मजूर सहकारी संस्थेचा फलक पुढे आणि ठेकेदार मागे, ही व्यवस्था ज्यांनी तालुक्या-तालुक्यांत पाहिली आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. पोटकंत्राटाचे नियम तिकडेही आहेत. सेवेच्या कंत्राटात निम्म्याहून अधिक रक्कम राखीव गटाबाहेरच्या कंपन्यांना देता येत नाही. इमारतीच्या बांधकामात मात्र ८५ टक्क्यांपर्यंत देता येते. म्हणजे शंभरातील पंधरा सैनिकाच्या नावाने आणि पंच्याऐंशी नेहमीच्या ठिकाणी, हे कायदेशीरही आहे.

याहून मनाला अधिक लागणारे प्रकरण चष्म्यांचे आहे. १९३८ साली, रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत, अंध कामगारांनी केलेल्या झाडू आणि पोछ्यांसारख्या वस्तू सरकारने प्राधान्याने विकत घ्याव्यात असा कायदा झाला. १९७१ मध्ये सिनेटर जॅव्हिट्स यांच्या प्रयत्नाने तो इतर तीव्र अपंगत्व असलेल्यांनाही लागू झाला. या व्यवस्थेत नॉर्थ कॅरोलिनातील विन्स्टन-सेलम येथील अंधांची संस्था माजी सैनिक खात्याला चष्मे पुरवीत असे. स्वतः ज्यांना दिसत नाही अशा कामगारांच्या हातांनी बनलेला चष्मा म्हाताऱ्या सैनिकाच्या डोळ्यांवर चढत असे. ही व्यवस्था दोषरहित होती असे नाही. अपंगांना किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची मुभा १९३८ च्याच दुसऱ्या एका कायद्याने ठेवली होती, आणि या खरेदी-योजनेत ती पद्धत २०२२ साली बंद झाली. पण रोजगार होता, कायम होता.

किंगडमवेअरच्या निकालानंतर एका सैनिकी मालकीच्या कंपनीने दावा लावला: 'दोघांचा नियम' प्रत्येक वेळी लागू असेल, तर चष्म्यांनाही तो लागू आहे, अंधांच्या संस्थेचा क्रम त्यानंतर. २०१८ च्या ऑक्टोबरात अपील न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले. कायद्याच्या अक्षराप्रमाणे निकाल कदाचित अटळ होता. पण चित्र काय उभे राहिले? युद्धाने अपंग झालेल्याचा हक्क एका पारड्यात, जन्माने वा आजाराने अंध झालेल्याचा हक्क दुसऱ्या पारड्यात, आणि मध्ये चष्म्यांचे एकच कंत्राट. त्याच सुमारास शेकडो कोटींची कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांना कोणी कोर्टात अशा तऱ्हेने समोरासमोर उभे केले नाही. अखेर २०२० च्या ऑगस्टमध्ये संसदेला नवा कायदा करून, २२ डिसेंबर २००६ पूर्वीपासून चालत आलेली अपंगांच्या संस्थांची कंत्राटे वाचवावी लागली. त्यानंतरची कामे सैनिकी कंपन्यांसाठी खुली राहिली.

आता मोठ्या कंत्राटाकडे वळले पाहिजे, कारण खरा पैसा तेथे आहे.

माजी सैनिक खात्याच्या रुग्णालयांत १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही डॉक्टर आणि संगणकतज्ज्ञ, वरिष्ठ कचेरीच्या इच्छेविरुद्ध, रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवण्याचे कार्यक्रम लिहू लागले. वरच्या संगणक विभागाला हे मंजूर नव्हते; काहींच्या नोकऱ्या गेल्या, यंत्रे काढून घेण्यात आली. तरी काम एका रुग्णालयातून दुसऱ्यात हातोहात पसरले. गुलामांना उत्तरेकडे पळवून नेणाऱ्या गुप्त मार्गाला जे नाव होते, तेच 'भूमिगत रेल्वे' हे नाव त्याला पडले. १९८२ मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली आणि पुढे ही प्रणाली 'व्हिस्टा' या नावाने प्रसिद्ध झाली. कार्यक्रम लिहिणारा आणि तो वापरणारा डॉक्टर एकाच इमारतीत बसत. चूक आढळली की जिना उतरून सांगावयाची. कॅन्सासमधील टोपेका येथील एका परिचारिकेने भाड्याची मोटार परत करताना कामगाराच्या हातातील पट्टीवाचक यंत्र पाहिले आणि तिच्या मनात आले की, मोटारीची नोंद अशी होते तर रुग्णाच्या औषधाची का होऊ नये? त्या प्रश्नातून रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषधावरील पट्टी जुळवून पाहण्याची पद्धत निघाली. २००६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या संस्थेने 'व्हिस्टा'ला शासकीय नवनिर्मितीचा पुरस्कार दिला. सरकारी पैशाने, सरकारी नोकरांनी लिहिलेली ही प्रणाली सार्वजनिक मालकीची. ती जगाला मोफत मिळे. जॉर्डनने आपल्या सार्वजनिक रुग्णालयांसाठी तीच उचलली.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, सरकारी नोकर नवे काही करीत नाही, नवनिर्मिती खाजगी क्षेत्रातच होते, हे पालुपद ऐकून ऐकून आपल्याकडील कार्यकर्त्यांनाही ते अर्धेमुर्धे खरे वाटू लागले आहे.

मग या प्रणालीचे काय झाले? तिची देखभाल करणाऱ्या माणसांची संख्या आणि पैसा वर्षानुवर्षे तोकडा ठेवण्यात आला. ती जुनी झाली. आणि जुनी झाली म्हणून ती टाकून द्यावी असे ठरले. संरक्षण खात्याने २०१५ मध्ये 'सर्नर' कंपनीची प्रणाली निवडली होती, तीच घेतली की दोन्ही खात्यांच्या नोंदी जुळतील, असे कारण देऊन १७ मे २०१८ रोजी माजी सैनिक खात्याने त्या कंपनीला दहा वर्षांचे, दहा अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. स्पर्धा न घेता. छोट्या सैनिकाने चष्म्याचे कंत्राट मागितले तर दोन बोली लागतात. दहा अब्जांसाठी एकही लागली नाही.

नवी प्रणाली प्रथम वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाली. डॉक्टर तपासणीची वा पुढल्या भेटीची मागणी नोंदवी; ती कोठे पाठवावयाची हे यंत्राला कळले नाही की मागणी एका 'अज्ञात रांगेत' जाऊन पडे, आणि मागणी पोहोचली नाही हे डॉक्टरला कळत नसे. खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०२२ च्या अहवालानुसार अकरा हजारांहून अधिक मागण्या अशा गडप झाल्या आणि निदान १४९ रुग्णांना त्यामुळे इजा पोहोचली. त्यांतील एक बेघर माजी सैनिक होता. आत्महत्येचा धोका आहे म्हणून डॉक्टरने त्याला पुन्हा बोलाविण्याची नोंद केली होती. ती नोंद रांगेत पडून राहिली. काही आठवड्यांनी त्याने हातात वस्तरा घेऊन संकटकाळच्या दूरध्वनीवर फोन केला. तो वाचला.

दरम्यान २०२२ च्या जूनमध्ये 'ओरॅकल'ने सुमारे २८ अब्ज डॉलरला 'सर्नर' विकत घेतली. माजी सैनिकांच्या नोंदींचे कंत्राट त्या सौद्यात पोटात घेऊनच. पाच रुग्णालयांत प्रणाली बसविल्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये खात्याला पुढले काम थांबवावे लागले. कंत्राट दर वर्षी नव्याने तपासण्याची आणि अधिक दंडाची अट घालण्यात आली. पुन्हा सुरुवात करण्यासाठी २०२६ साल आणि मिशिगन राज्य निवडण्यात आले. मधल्या सर्व वर्षांत उरलेल्या दीडशेहून अधिक रुग्णालयांचे काम कोणत्या प्रणालीवर चालले? त्याच टाकाऊ ठरविलेल्या 'व्हिस्टा'वर.

वस्तूंचे आणि यंत्रांचे जे झाले तेच आता प्रत्यक्ष उपचाराचे होत आहे. फिनिक्स येथील रुग्णालयात प्रतीक्षायाद्या लपविल्याचे २०१४ मध्ये उघड झाले. लबाडी होती, आणि अक्षम्य होती. पण उपाय काय निघाला? डॉक्टरांची भरती वाढविण्याची तरतूद झाली खरी, पण मोठा रस्ता दुसराच खुला झाला: २०१४ आणि २०१८ च्या कायद्यांनी रुग्णाला बाहेरच्या खाजगी डॉक्टरकडे पाठविण्याची सोय केली. घरापासून मोटारीने तीस मिनिटांहून (तज्ज्ञासाठी साठ) अधिक अंतर असेल, वा वीस दिवसांहून (तज्ज्ञासाठी अठ्ठावीस) अधिक थांबावे लागत असेल, तर बाहेर जाण्याचा हक्क. दुर्गम भागातील म्हाताऱ्या सैनिकाला याचा खराखुरा उपयोग आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र बाहेरच्या डॉक्टरांचे जाळे विणण्याचे कंत्राट 'ऑप्टम' आणि 'ट्रायवेस्ट' या दोन कंपन्यांकडे गेले. पैकी पहिली देशातील सर्वांत मोठ्या आरोग्यविमा कंपनीची शाखा. बाहेर जाणारा पैसा वाढला की आतल्या भरतीला पैसा कमी; भरती कमी की प्रतीक्षा लांब; प्रतीक्षा लांबली की बाहेर जाण्याचा हक्क. चक्र एकदा फिरू लागले की त्याला ढकलावे लागत नाही.

येथे महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना आपल्या गावचे निवृत्त जवान आठवतील. १ एप्रिल २००३ पासून आपल्याकडे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिच्यात सरकारी पॉलिक्लिनिक प्राथमिक तपासणी करते आणि मोठ्या उपचारांसाठी यादीवरील खाजगी रुग्णालयात पाठविते. सरकारकडून बिले थकली की रुग्णालय रोखीविना उपचार देण्यास नाखूश होते, ही तक्रार सातारा-कोल्हापूरकडील कोणत्याही माजी सैनिक संघटनेच्या बैठकीत ऐकावयास मिळेल. आणि पंधरा-वीस वर्षे सीमेवर काढून आलेल्या जवानाच्या वाट्याला येथे कंत्राट येते ते मालकाचे नव्हे. तो कंत्राटी पहारेकरी होतो.

मग सरकारने बाहेरून काही घेऊच नये काय? तसे नाही. त्याच खात्याच्या औषधखरेदीकडे पाहावे. १९९२ च्या कायद्याने औषध कंपन्यांना बजावले की, माजी सैनिक खाते, संरक्षण खाते, सार्वजनिक आरोग्यसेवा आणि तटरक्षक दल या चौघांना, खुल्या बाजारातील सरासरी घाऊक किमतीच्या ७६ टक्क्यांहून अधिक भाव लावता येणार नाही. हे मान्य नसेल तर गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेचा विशाल बाजार त्या कंपनीला बंद. शिवाय कोणती औषधे घ्यावयाची याची यादी खात्याची स्वतःची, त्यामुळे महागडे औषध यादीबाहेर ठेवण्याची ताकद हाती. म्हाताऱ्यांच्या 'मेडिकेअर' योजनेला मात्र औषधांच्या किमतींवर वाटाघाटी करण्यास २००३ च्या कायद्यानेच बंदी घातली होती. ती २०२२ मध्ये अंशतः उठली आणि वाटाघाटीने ठरलेले पहिल्या दहा औषधांचे भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. एकाच देशात, एकाच कंपनीची एकच गोळी, माजी सैनिक असलेल्या आजोबांसाठी स्वस्त आणि शेजारच्या आजींसाठी महाग, असे तीन दशके चालले. कंत्राट तेथेही होते. पण भाव कायद्याने बांधलेला होता, आणि काय हवे हे ठरविण्याइतके ज्ञान विकत घेणाऱ्याकडे होते. 'सर्नर'च्या वेळी नेमके हेच ज्ञान खात्याने घरातून घालविले होते. २०१९ मध्ये महालेखापरीक्षक कचेरीने खात्याच्या एकूण खरेदीव्यवहाराचीच गणना अतिधोक्याच्या विषयांत केली.

२०२५ साली वॉशिंग्टनमधील नव्या राजवटीने काटकसरीच्या नावाने खात्याकडे मोर्चा वळविला. मार्चमध्ये ५८५ कंत्राटे रद्द करण्याची घोषणा झाली. कोणती कंत्राटे अनावश्यक हे शोधण्यासाठी संगणकाचा एक कार्यक्रम वापरला गेला होता आणि तो कंत्राटाची केवळ पहिली काही पानेच वाचीत असे, काही हजारांच्या कंत्राटांची किंमत काही कोटी समजत असे, हे पत्रकारांनी जूनमध्ये उजेडात आणले. कंत्राटशाहीवर टीका करणाऱ्यांनी या कापाकापीने हुरळून जाण्याचे कारण नव्हते; जे कापले ते काम सरकारी नोकरांकडे परत आले नाही. उलट त्याच वर्षी सुमारे तीस हजार नोकर कमी करण्याचे उद्दिष्ट खात्याने जाहीर केले.

आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्याच प्रकारचे करार रद्द झाले. पोलीस, अग्निशामक आणि पहारेकरी वगळता बहुतेक कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी असलेले सामुदायिक करार संपुष्टात आल्याचे खात्याने जाहीर केले. त्यांत परिचारिका आल्या, डॉक्टर आले, सफाई कामगार आले. कोलोरॅडोतील ऑरोरा येथे रुग्णालय बांधताना मूळचा ३२ कोटी ८० लाख डॉलरचा अंदाज सुमारे १ अब्ज ७० कोटींवर गेला. तेव्हा खात्याने करारभंग केला असा निर्णय कंत्राटविषयक अपील मंडळाने २०१४ च्या डिसेंबरात दिला, आणि बांधकाम कंपनीला काम थांबविण्याचा अधिकार मिळाला. मग सरकारला तिच्याशी नव्याने बोलावे लागले, लष्कराच्या अभियंता दलाला मध्ये घालावे लागले, जादा पैसे मंजूर करावे लागले. परिचारिकांना काम थांबविता येत नाही. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या नोकरांना संप करण्यास कायद्याने बंदी आहे. त्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि त्या स्वतः वॉर्डात कामावर राहिल्या.